शेंगा वाढल्या, मग उत्पादन का वाढलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोहरीच्या ३० वाणांची एका हंगामात, एकाच ठिकाणी, तीन पुनरावृत्तींची चाचणी घेतली. झाडावरच्या शेंगांच्या संख्येची आनुवंशिकता (दिसणाऱ्या फरकांपैकी जनुकांमुळे असलेला हिस्सा) ८३ टक्के आली, अपेक्षित आनुवंशिक प्रगतीही (निवडीने पुढच्या पिढीत मिळू शकणारी वाढ) भरपूर दिसली. पाथ अ‍ॅनालिसिसमध्ये (कोणत्या घटकाचा उत्पादनावर किती थेट परिणाम होतो हे सहसंबंधांतून काढायची रीत) उत्पादनावर शेंगांचाच थेट परिणाम सगळ्यात मोठा निघाला. म्हणून त्यातल्या जास्त शेंगांच्या दोन वाणांचा संकर केला आणि एफ-२ मध्ये (संकराच्या दुसऱ्या पिढीत) सर्वांत जास्त शेंगा असलेली ४० झाडं निवडली. एफ-५ ला (पाचव्या पिढीत) ओळी प्लॉटमध्ये लावल्या तर उत्पादन आई-बापांइतकंच. चूक कुठे झाली, आणि तेलबियांमध्ये ‘उत्पादनाचं जनुक’ असं काही असतं का?

आकडेमोडीत तुमची चूक नाही. सूत्रं बरोबर लावली आहेत. पण त्या सूत्रांनी जे उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. हे मी जरा अधिकारानं सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः अगदी हेच केलं होतं. शेंगा मोजून मोजून बोटं हिरवी व्हायची, आणि तीन-चार हंगामांनी हाती यायची एक डेरेदार, झुपकेदार, दिसायला देखणी आणि वजनकाट्यावर सामान्य अशी ओळ.

आधी मोहरीच्या झाडाकडे बघू. समजा एका झाडावर २०० शेंगा आहेत, प्रत्येक शेंगेत १२ दाणे आणि हजार दाण्यांचं वजन ४ ग्रॅम. झाडाचं उत्पादन झालं ९.६ ग्रॅम. आता शेंगा २० टक्क्यांनी वाढवून २४० केल्या. दाणे १२ वरून ११ वर आले आणि हजार दाण्यांचं वजन ३.६ ग्रॅमवर, तर गुणाकार ९.५ ग्रॅम येतो. शेंगा पाचव्या हिश्शाने वाढल्या आणि उत्पादन होतं त्याहून किंचित खालीच गेलं. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण शेतात घडतं ते असंच.

हे होतं कारण घटक एकामागून एक ठरतात. आधी फांद्या आणि फुलं, मग शेंगा, मग शेंगेतले दाणे, शेवटी दाण्याचं भरणं. पहिल्या टप्प्याला झाड सढळ हाताने खर्च करतं आणि शेवटच्या टप्प्याला शिल्लक कमी पडते. मोहरीवर्गात तर आणखी एक गंमत आहे. फुलोरा संपता संपता पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि दाणा भरायच्या काळात अन्न बनवण्याचं बरंचसं काम शेंगांची हिरवी साल करते. शेंगांची दाटी वाढली की वरच्या शेंगा खालच्यांवर सावली धरतात. म्हणजे जी शेंग तुम्ही वाढवली तीच दुसऱ्या शेंगेचा उजेड अडवते.

उत्पादन हा घटकांचा गुणाकार असल्यामुळे लॉगॅरिथम घेतला की त्याची बेरीज होते. बेरजेचं विचरण (आकडे किती विखुरलेले आहेत त्याचं माप) म्हणजे प्रत्येक घटकाचं विचरण, अधिक त्यांच्यातल्या सहविचरणांची (दोन घटक एकमेकांबरोबर किती बदलतात त्या मापाची) दुप्पट. घटक एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर ही सहविचरणं ऋण असतात आणि ती उत्पादनाचं आनुवंशिक विचरण खाऊन टाकतात. दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता चांगली, शेंगेतल्या दाण्यांचीही बरी, आणि उत्पादनाची मात्र कमी, हे कोडं वाटतं ते यामुळे. घटकांमध्ये आनुवंशिक फरक भरपूर असतो, पण उत्पादनापर्यंत पोचेस्तोवर त्यातला बराचसा आपसातच कापला जातो.

आता पाथ अ‍ॅनालिसिस. सीवॉल राइट यांनी ही रीत १९२१ साली मांडली आणि १९५९ मध्ये ड्यूई आणि लू यांनी एका गवताच्या बीज-उत्पादनावर ती वापरली. तेव्हापासून वनस्पती पैदाशीचा प्रबंध तिच्याशिवाय पूर्ण होत नाही असं दिसतं. रीत चांगली आहे. पण शेंगा, दाणे आणि दाण्याचं वजन हे तिन्ही घटक त्यात घातले, तर उत्पादन त्यांच्या गुणाकारानेच बनलेलं असल्यामुळे अवशिष्ट (न उलगडलेला) परिणाम शून्याजवळ येणारच. त्यात शोध कसला? शेंगांचा थेट परिणाम सगळ्यात मोठा का आला, तर तुमच्या ३० वाणांमध्ये सगळ्यात जास्त फरक शेंगांच्या संख्येत होता म्हणून. याहून वाईट प्रकार म्हणजे एकूण जैविक उत्पादन आणि हार्वेस्ट इंडेक्स (त्यातला दाण्याचा वाटा) ही दोन्ही एकाच वेळी पाथमध्ये घालणं. त्या दोघांचा गुणाकार म्हणजेच दाण्याचं उत्पादन. असा तक्ता समोर आला की मी तो शांतपणे उलटतो.

८३ टक्क्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. एका ठिकाणी, एका हंगामात काढलेल्या जनुकीय विचरणात खऱ्या जनुकीय विचरणाबरोबर ठिकाणाशी, हंगामाशी आणि दोघांशी मिळून होणारी आंतरक्रियाही (जागा-हंगाम बदलला की वाणांमधला फरक बदलणं) बेमालूम मिसळलेली असते. एकाच चाचणीतून ती वेगळी काढायची सोयच नसते. उदाहरण घेऊ. खरं जनुकीय विचरण ४, ठिकाणाशी आंतरक्रिया ३, हंगामाशी ३, तिहेरी आंतरक्रिया ५ आणि प्रयोगातल्या त्रुटीचं विचरण ९ धरा. तीन पुनरावृत्तींच्या एका चाचणीत तुम्हाला जनुकीय म्हणून दिसेल ४ अधिक ३ अधिक ३ अधिक ५, म्हणजे १५. त्रुटीचा वाटा ९ भागिले ३, म्हणजे ३. आनुवंशिकता १५ भागिले १८, बरोबर ८३ टक्के. आणि पुढच्या हंगामात, दुसऱ्या शेतात उपयोगी पडणारी आनुवंशिकता ४ भागिले १८, म्हणजे २२ टक्के. तीन ठिकाणं, दोन हंगाम, तीन पुनरावृत्ती केल्या असत्या तर हाच आकडा सुमारे ५१ टक्क्यांवर गेला असता. अपेक्षित प्रगतीच्या सूत्रात पाच टक्के निवडीसाठी २.०६ ला जिने गुणायचं ती आनुवंशिकता तुम्ही ८३ घेतली, या उदाहरणात खरी होती २२. तुमची प्रगती हरवलेली नाही, ती तेवढी नव्हतीच.

त्यावर एफ-२ ची भर. एफ-२ ची झाडं आपण मोकळ्या अंतरावर लावतो, म्हणजे एकेक झाड नीट पाहता यावं. मोकळ्या जागेत ज्याला जास्त शेंगा येतात ते झाड बहुतेक वेळा जागा बळकावणारं असतं: लवकर पसरणारं, खालपासून फांद्या फुटणारं, शेजाऱ्याला दाबणारं. प्लॉटमध्ये त्याच्या भोवती त्याचेच भाऊबंद. सगळेच दांडगे असले की दांडगाईचा फायदा कुणालाच होत नाही, उलट उजेडासाठी काडी वाढवण्यात सगळ्यांचंच अन्न खर्च होतं. दुसरं असं की एफ-२ मध्ये दिसणाऱ्या जोमात प्रभावी जनुकांचा, म्हणजे विषम जोड्यांचा वाटा असतो. स्वपरागणाच्या प्रत्येक पिढीला तो निम्मा होत जातो. टिकतो फक्त अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे जनुकांच्या बेरजेने चालणारा भाग. शुद्ध ओळींमध्ये तो एफ-२ च्या दुप्पट होतो, म्हणून उत्पादनासाठी ओळींमधली निवड उशिराच्या पिढीत जास्त खरी ठरते. एफ-२ मध्ये निवडायचंच असेल तर फुलोऱ्याचे दिवस, उंची, रोगाला प्रतिकार, झाडाची ठेवण असे गुण बघावेत. उत्पादन तिथे बघू नये.

आता दुसरा प्रश्न, उत्पादनाचं जनुक. इथे माझं मत जरा ठाम आहे. तेलबियांमध्ये उत्पादनाच्या मोठ्या उड्या ज्या जनुकांमुळे आल्या, त्यांच्यावर ‘उत्पादनाचं जनुक’ अशी पाटी नव्हती. ती जनुकं टरफलाची होती, फुलायच्या वेळेची होती, शेंड्याच्या वाढीची होती, नर-मादीची होती. उरलेली वाढ शेकडो बारीक जनुकांच्या बेरजेतून आली, आणि ती जनुकं वेगवेगळी पकडता येत नाहीत, काट्यावरच कळतात.

एका जनुकाने उत्पादन कसं हलतं याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे तेलताड. या झाडाच्या फळात तीन प्रकार आहेत. ड्युरा म्हणजे जाड कवचाचं फळ, पिसिफेरा म्हणजे बिनकवचाचं, आणि टेनेरा म्हणजे पातळ कवचाचं. कवच जितकं कमी तितका तेल देणारा गर जास्त. मग पिसिफेराच लावावं, असं वाटेल. पण पिसिफेराची मादी फुलं बहुधा वांझ जातात, फळं धरतच नाहीत. १९४१ साली बेल्जियन काँगोमध्ये बेयरनार्ट आणि व्हान्डरवायेन यांनी दाखवून दिलं की हा सगळा खेळ एका जनुकाचा आहे. ड्युरा एका टोकाचं समयुग्मी (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या), पिसिफेरा दुसऱ्या टोकाचं, आणि टेनेरा हा दोघांचा संकर. ड्युरा मादी आणि पिसिफेरा नर असा संकर केला की झाडून सगळी संतती टेनेरा येते आणि ड्युरापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त तेल देते. २०१३ मध्ये ते जनुक सापडलं. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपात बीजाच्या जडणघडणीत भाग घेणाऱ्या सीडस्टिक नावाच्या जनुकाचं ते भावंड निघालं. संकरजोम म्हणजे असंख्य जनुकांची मिसळ असंच आपण शिकवतो, आणि इथे एकाच जागेवरची विषम जोडी दोन्ही समयुग्मींना मागे टाकते.

सूर्यफुलाची गोष्टही टरफलाचीच आहे, फक्त तिथे जनुक एक नव्हतं. रशियातल्या क्रास्नोदारला पुस्तोवोइत यांनी कित्येक दशकं निवड करून दाण्यातलं तेल ३० टक्क्यांच्या आसपासवरून ५० टक्क्यांच्या घरात नेलं. त्यांची रीत सुंदर होती. परपरागित पिकात प्रत्येक निवडलेल्या झाडाचं बी दोन भागांत करायचं, अर्धं पेरून तपासायचं, अर्धं राखून ठेवायचं. निकाल आला की चांगल्या ठरलेल्या झाडांचं राखलेलं बी एकत्र लावून त्यांचं आपसात परागण होऊ द्यायचं. पण वाढलेल्या तेलाचा मोठा हिस्सा गरातलं तेल वाढून आला नव्हता, तर टरफलाचा वाटा घटून आला होता. करडईतही हीच वाट चोखाळली गेली. टरफल पातळ करणारी अप्रभावी जनुकं सापडली, तेल वाढलं, मात्र पातळ टरफलाचे आपले त्रास आलेच.

टरफलावर इतका भर का, याचं कारण जैवरसायनात आहे. एक ग्रॅम ग्लुकोज खर्च करून झाड साधारण ०.८३ ग्रॅम पिष्टमय पदार्थ बनवतं, प्रथिन ०.४० ग्रॅमच्या आसपास, आणि तेल फक्त ०.३३ ग्रॅम. तेल ही झाडाची सगळ्यात महाग वस्तू आहे. तेवढ्याच उजेडात तृणधान्याच्या तुलनेत तेलबियांचं उत्पादन कमी दिसतं ते पीक आळशी आहे म्हणून दिसत नाही. गरात एक टक्का तेल वाढवायला झाडाला खरी किंमत मोजावी लागते. टरफल कमी केलं तर मात्र तीच किंमत वाचते. तेव्हा ‘दाण्यातलं तेल वाढलं’ असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, गरात की टरफल घटून?

सोयाबीनने घटकांचं आपसातलं कापाकापीचं राजकारण एकेका जनुकात दाखवून दिलं आहे. तिथे अरुंद पानाचं एक अप्रभावी जनुक आहे. त्याच्यामुळे पान चिंचोळं होतं आणि शेंगेत चार दाणे येण्याचं प्रमाण वाढतं. २०१२ मध्ये कळलं की जॅग्ड नावाच्या जनुकाच्या सोयाबीनमधल्या रूपात एकाच अक्षराचा बदल झालेला आहे. पान आणि शेंगेतले दाणे ही दोन्ही कामं त्या एकाच जनुकाची. मग चार दाण्यांच्या शेंगांनी उत्पादन उसळायला हवं होतं. पण दाणे लहान होतात आणि फायद्याचा बराचसा भाग तिथेच जिरतो. तुमच्या मोहरीत जे शंभर जनुकांनी मिळून केलं, ते इथे एक जनुक एकट्याने करतं.

त्याच पिकात २० व्या गुणसूत्रावर प्रथिनांचं प्रमाण हलवणारी एक जागा १९९२ पासून माहीत होती. जंगली सोयाबीनमधलं रूप प्रथिन वाढवतं आणि तेल घटवतं. २०२२ मध्ये तिथलं जनुक निश्चित झालं. लागवडीखालच्या सोयाबीनमध्ये त्या जनुकात एक उड्या मारणारा डीएनएचा तुकडा शिरून बसला आहे. त्या घुसखोरीने दाण्याचं वजन आणि तेल वाढलं, प्रथिन कमी झालं. म्हणजे माणसाने पिकाला घरी आणताना नकळत तेलाची आणि उत्पादनाची निवड केली आणि प्रथिनाची किंमत मोजली. प्रथिन आणि तेल दोन्ही एकदम वाढवू म्हणणाऱ्या प्रकल्पांकडे मी सावधपणे बघतो. अशक्य नाही, पण तिथे सहसंबंध केवळ शेजारीशेजारी असलेल्या जनुकांचा नसून एकाच जनुकाच्या दोन कामांचा आहे. शेजारची जनुकं पुरेशा पिढ्यांत एकमेकांपासून सुटी होतात, एकाच जनुकाची दोन कामं सुटी होत नाहीत. तुमच्याही ऋण सहसंबंधांच्या तक्त्यात हा फरक लपलेला असतो, आणि तो तक्ता पाहून कळत नाही.

वेळेच्या जनुकांचा हिशेब वेगळा. सोयाबीन हे दिवस लहान झाले की फुलणारं पीक. विषुववृत्ताजवळ नेलं की बारीक असतानाच फुलायचं आणि उत्पादन नाममात्र यायचं. त्यावर इलाज ठरलं ‘जे’ (J) नावाच्या जागेवरचं अप्रभावी रूप, ज्याला लांबलेल्या बाल्यावस्थेचा गुण म्हणतात. २०१७ मध्ये हे जनुक ओळखलं गेलं. ते ईएलएफ-३ या जैविक घड्याळातल्या जनुकाचं भावंड. चालू असलेलं ‘जे’ हे ई-१ या जनुकाला दाबून धरतं. ‘जे’ बिघडलं की ई-१ मोकळं होतं आणि फुलणं लांबवतं. झाडाला अंग धरायला वेळ मिळतो. लहान दिवसांच्या परिस्थितीत या रूपाने ३० ते ५० टक्के जास्त उत्पादन दिल्याचं त्या अभ्यासात नोंदलं आहे. आणि हेच रूप लांब दिवसांच्या प्रदेशात नेलं तर पीक नुसतं उशिरा होईल, थंडी पडली तरी हिरवंच. जनुक तेच, गुण की अवगुण हे अक्षांश ठरवतो. शेंड्याची वाढ कधी थांबायची ते ठरवणारी डीटी-१ सारखी जनुकंही याच जातकुळीतली.

भुईमुगाबद्दल एकच काम सांगतो, पण ते प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावं असं आहे. १९७८ मध्ये डंकन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या जुन्या-नव्या भुईमूग वाणांची शरीरक्रिया मोजली. वेगवेगळ्या दशकांतले वाण, उत्पादनात मोठी तफावत. पण पिकाच्या एकूण वाढीचा दररोजचा वेग सगळ्यांचा जवळजवळ सारखाच निघाला. फरक होता वाटणीत. डिक्सी रनर हा जुना वाण रोजच्या कमाईतला ४० टक्क्यांच्या आसपास भाग शेंगांना द्यायचा. अर्ली बंच हा नवा वाण जवळजवळ सगळीच कमाई शेंगांकडे वळवायचा. पैदासकारांनी शेंगा निवडल्या असतील, वजन निवडलं असेल, पण जनुकांच्या पातळीवर निवड झाली ती घरखर्चाची. याला मर्यादाही आहे. सगळंच शेंगांना दिलं की पानं नवी होत नाहीत, आणि मध्येच टिक्का (पानांवरच्या ठिपक्यांचा रोग) आला किंवा ताण पडला तर भरून काढायला झाडाच्या हातात काही उरत नाही. भुईमुगात उपटी आणि पसरी प्रकारांत मुख्य खोडावर फुलं येणं, आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) एकदम सुटणं की लांबत जाणं, बियाण्याची सुप्तावस्था हे सगळं गुंतलेलं आहे. त्यामुळे नुसती शेंगांची संख्या मोजून दोन प्रकारांची तुलना करायलाच जाऊ नये. पोचट शेंगा आणि सोलणीचा उतारा धरल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

तिळाचं लवकर उरकतो. न फुटणारं बोंड देणारं अप्रभावी जनुक लँगहॅम यांना १९४३ मध्ये सापडलं. आता बी गळणार नाही म्हणून केवढा आनंद! पण त्याच जनुकाने पानं मुरडायची, वांझपणा यायचा आणि उत्पादन घटायचं. नुकसान थांबवणारं जनुकसुद्धा फुकट येत नाही.

नर-मादीच्या जनुकांनी सूर्यफूल आणि एरंडीचं चित्रच पालटलं. सूर्यफुलात लक्लेर्क यांनी १९६९ मध्ये जंगली जातीच्या संकरातून कोशिकाद्रव्यातलं नरवंध्यत्व (आईकडून येणारं परागहीनत्व) मिळवलं, पुढच्याच वर्षी किनमन यांनी फलनक्षमता परत आणणारं जनुक दाखवलं आणि काही वर्षांत सुधारित वाणांची जागा संकरित वाणांनी घेतली. त्यात एक हुशारी आहे. नर ओळीत फांद्या फुटणारं अप्रभावी जनुक घालून ठेवतात, म्हणजे परागकण बरेच दिवस मिळतात, आणि संकर मात्र एका फुलाचाच राहतो. एरंडीत मादी फुलंच देणाऱ्या ओळी वापरून भारतात १९६८ साली जीसीएच-३ हा संकरित वाण आला. तिथे हवामान जनुकावर कुरघोडी करतं. उष्णता वाढली की मादी घोसात मध्येमध्ये नर फुलं डोकावतात आणि बीजोत्पादकाची झोप उडते. मोहरीत भारतीय आणि पूर्व युरोपीय गटांतल्या ओळींचा संकर जास्त जोम देतो, हे तुमच्यासाठी थेट कामाचं आहे. तुमचे दोन्ही आई-बाप जास्त शेंगांचे आणि बहुधा एकाच गटातले होते. दोघांकडे एकच जनुकं असतील तर एफ-२ मध्ये वेगळं होणार काय?

मोहरीबद्दल आणखी एक. ती दोन जातींची बेरीज आहे, ए आणि बी जीनोम, ३६ गुणसूत्रं. बरीचशी जनुकं दोन जागी, काही त्याहून जास्त. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवून नेते, म्हणून चांगली अप्रभावी रूपं झाकलेली राहतात. इरुसिक आम्ल (मोहरीच्या तेलातलं नकोसं स्निग्धाम्ल) शून्यावर आणायला दोन्ही जीनोममधल्या प्रती बदलाव्या लागल्या. भुईमुगातही जास्त ओलिक आम्लासाठी एफएडी-२ या जनुकाच्या ए आणि बी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. तेलाची प्रत बदलणं तुलनेने सोपं पडलं, कारण तिथे जनुकं दोन आणि हवामानाचा हात कमी. शिवाय स्निग्धाम्लं गर्भाच्या जनुकांवर ठरतात, म्हणून डाउनी आणि हार्वे यांनी १९६३ मध्ये दाखवल्याप्रमाणे अर्धा दाणा तपासून उरलेला पेरता येतो. दाण्याच्या वजनात मात्र आईचा अधिकार मोठा. रेपसीड या मोहरीवर्गातल्या पिकात एआरएफ-१८ या जनुकाचं एक नैसर्गिक रूप शेंगेची लांबी आणि दाण्याचं वजन दोन्ही एकदम वाढवतं, आणि ते काम आईच्या शेंगेतून होतं. म्हणून एफ-१ झाडावरचे दाणे एफ-२ असले तरी त्यांच्या आकारात तुम्हाला मुख्यतः एफ-१ झाडच दिसतं.

मार्करने, म्हणजे जनुकाजवळच्या डीएनए-खुणेने, निवड करू का, असंही कुणी विचारेल. लहान लोकसंख्येत सापडलेल्या उत्पादनाच्या क्यूटीएलवर (मोजता येणाऱ्या गुणावर परिणाम करणाऱ्या जनुकीय जागांवर) फार विसंबू नका. बीव्हिस यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की १०० संततींच्या अभ्यासात सापडलेल्या जागांचा परिणाम बराच फुगवून दिसतो. ५०० ला फुगवटा कमी होतो आणि हजाराच्या आसपास तो खऱ्याजवळ येतो. कारण सरळ आहे. बारीक परिणामाची जी जागा योगायोगाने मोठी दिसली, तीच चाळणीतून वर येते. फुलायची वेळ, टरफल, ओलिक आम्ल, नरवंध्यत्व यांच्यासाठी मार्कर खुशाल वापरा. उत्पादनासाठी २००१ मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी मांडलेली सगळ्या जीनोमची एकत्रित निवडच वापरा, आणि तिलाही शिकवायला चांगल्या, अनेक ठिकाणच्या प्लॉटची आकडेवारी लागतेच. काट्याला पर्याय नाही, फक्त काट्यावर कमी वेळा जावं लागतं.

आता तुमच्या ४० ओळींचं काय? टाकू नका. दाट पेरणीत, किमान दोन ठिकाणी आणि दोन हंगाम लावा, आणि प्लॉटचं वजन घ्या. शेंगा मोजण्यात घालवलेला वेळ वाचवून तो आणखी एका ठिकाणावर खर्च करा. फुलोऱ्याची आणि पक्वतेची तारीख प्रत्येक ओळीची नोंदवा, कारण उशिराच्या ओळी चांगल्या हंगामात पुढे दिसतात आणि वाईट हंगामात आपटतात. ज्या चार-पाच ओळींमध्ये शेंगा जास्त असूनही हजार दाण्यांचं वजन टिकलं आहे, त्या बाजूला काढा. घटकांची आपसातली कापाकापी तिथे कुठेतरी सैल झाली असावी. त्यांना शेंगा कमी पण दाणा भरलेल्या, वेगळ्या गटातल्या ओळीशी संकर करा. आणि प्लॉट काढण्याआधी रोपांची संख्या मोजायला विसरू नका. विरळ उगवलेल्या प्लॉटमध्ये प्रत्येक झाडावर शेंगा जास्तच दिसतात, आणि अशा प्लॉटमधून निवडलेली ओळ मी एकदा दोन वर्षं कौतुकाने सांभाळली आहे.